उतर, उतरा आणि पाय मोडलेली फ्रेंच क्रियापदं

डेल्फ बी-२ ह्या फ्रेंच भाषेच्या परीक्षेच्या पहिल्या निकालात मला शंभरपैकी ५९ गुण होते आणि तरी मी नापास होते. उत्तीर्ण व्हायला ५० लागतात, पण त्याला एक शेपूट आहे. ऐकणं, वाचणं, लिहिणं, बोलणं हे चार भाग, प्रत्येकी २५ गुणांचे, आणि प्रत्येकात किमान ५ हवेतच. वाचनात मला २२ होते, लेखनात १९, बोलण्यात १३.५. ऐकण्यात ४.५. अर्ध्या गुणानं गेले. शिवाय इथे एटीकेटी नसते. एक भाग गेला की पुढच्या वेळी चारही भाग नव्यानं द्यायचे, आणि फीसुद्धा नव्यानं.

ही गोष्ट जानेवारी २०२३ ची. दुसऱ्यांदा परीक्षा दिली नोव्हेंबर २०२३ मध्ये. मधल्या दहा महिन्यांत मी मुख्यतः एकच काम केलं: फ्रेंच क्रियापदांची रूपं लिहिताना किती तुकड्यांची असतात आणि बोलताना किती तुकड्यांची, हे मोजत बसले. फ्रेंच वाचता येतं पण ऐकू येत नाही, अशी माझ्यासारखी बरीच मंडळी आहेत हे नंतर कळलं, म्हणून सविस्तर लिहितेय.

मी अकरावी-बारावीला फ्रेंच घेतलं, कारण तेव्हा सगळेच घ्यायचे. स्कोअरिंग विषय. गुणही भरघोस पडले. पुढे तेच फ्रेंच पोटापाण्याला आलं. गेली अकरा वर्षं मी यंत्रांच्या माहितीपुस्तिकांचं भाषांतर करते, घरी बसून, एका शब्दाचा आवाज न ऐकता. माझ्या कामाचा एक भाग म्हणजे डीटीपीवाल्याला ओळीच्या शेवटी शब्द कुठे तोडायचा ते सांगणं. त्याचे नियम सरळ आहेत. दोन स्वरांच्या मधलं एकटं व्यंजन पुढच्या स्वराबरोबर जातं. दोन व्यंजनं आली तर त्यांच्या मधून तोडायचं. पण दुसरं व्यंजन ल किंवा र असेल तर बहुतेकदा जोडी फोडायची नाही, आणि श किंवा न्य असा एकच आवाज दाखवणारी अक्षरजोडीही फोडायची नाही. ‘बोलणे’ म्हणजे ‘पार्ले’, आणि त्याचं ‘ते बोलतात’ हे रूप ई-एन-टी लावून लिहितात. र-ल ही जोडी त्या ‘बहुतेकदा’ला अपवाद, म्हणून ते र आणि ल यांच्या मधून तुटतं: अलीकडे ‘पार’, पलीकडे उरलेलं. दोन तुकडे. दोन तुकडे म्हणजे तोंडानेही दोन, असं माझं डोकं बिनतक्रार धरून चाललं होतं.

म्हणून डिसेंबर २०२२ च्या तोंडी परीक्षेत मी ठणठणीत आवाजात ‘ले ज्यां पार्लांत’ म्हणाले. लोक बोलतात, असं म्हणायचं होतं. समोरच्या बाई लिहिता लिहिता थांबल्या, वर बघितलं, आणि पुन्हा लिहायला लागल्या. ते थांबणं मला दीड महिना छळत होतं. बोलण्याच्या गुणतक्त्यात उच्चारांसाठी वेगळी ओळ असते हे मला माहीत होतं. त्याच चुकीनं ऐकण्याचा भागही बुडवला असेल, हे मात्र डोक्यात आलं नव्हतं.

निकालानंतर आठवडाभर काहीच केलं नाही. मग रानडे इन्स्टिट्यूटच्या आवारात, जिथे विद्यापीठाचा परकीय भाषा विभाग आहे, तिथे शिकलेल्या एका मैत्रिणीला फोन केला. तिनं सदाशिव पेठेतल्या एका निवृत्त मॅडमचं नाव सांगितलं. तासाला ६०० रुपये, आठवड्याला एकच तास, जिना चढून दुसरा मजला, आणि अट ही की पुस्तक आणायचं नाही.

पहिला तास ४ फेब्रुवारीला, शनिवारी. मॅडमनी विचारलं, “पार्ले चालव बघू.” मी सहा रूपं म्हणून दाखवली. त्यांनी एका हातावर दुसऱ्या हाताची टाळी दिली. “आता टाळीवर म्हण. एका टाळीत एक तुकडा.” मी ‘ती बोलते’ला एक टाळी दिली, ‘ते बोलतात’ला दोन. त्या म्हणाल्या, “अगं, दुसरी टाळी कशाची?”

कशाचीच नव्हती. ‘मी बोलते’, ‘तू बोलतोस’, ‘तो बोलतो’, ‘ते बोलतात’, चारही रूपांचा उच्चार एकच: पार्ल्. शेवटी ई लिहा, ई-एस लिहा, ई-एन-टी लिहा, कानाला काही फरक नाही. दोनच रूपं वेगळी ऐकू येतात, ‘आम्ही’चं पार्-लों आणि ‘तुम्ही’चं पार्-ले. त्यातही रोजच्या बोलण्यात ‘आम्ही’साठी फ्रेंच माणूस सर्रास ‘ओं’ वापरतो, आणि त्याच्यापुढे पुन्हा पार्ल्. म्हणजे ज्या सहा रूपांची कोष्टकं मी अकरावीत घोकली होती, त्यातली पाच बोलताना एकसारखी. मला आधी हसू आलं आणि मग थोडा रागच आला. हे मला अठ्ठावीस वर्षांत कोणी सांगितलं नव्हतं. मीही कोणाला विचारलं नव्हतं म्हणा.

येताना कोपऱ्यावरच्या दुकानातून ७० रुपयांची दोनशे पानी वही घेतली आणि ठरवलं, उच्चार देवनागरीत लिहायचा. (इथेही वहीतल्यासारखंच लिहितेय. पाय मोडलेलं अक्षर म्हणजे तिथे स्वर नाही. आडवी रेघ म्हणजे नवी टाळी. झ हा झेब्र्यातला, आणि ज्य हा बोंज्यूरमधला. लों, वां यांतलं टिंब म्हणजे नाकातला स्वर, पण लं, पं यांतलं म्हणजे ‘केलं’मधला अ.) रोमनमध्ये न बोललं जाणारं अक्षर पानावर तसंच उभं असतं आणि डोळा ते वाचतोच. देवनागरीत ल चा पाय मोडला की मोडला. दुसऱ्या तासाला मॅडमनी वही पाहिली आणि नाक मुरडलं. “एक कुबडी टाकून दुसरी घेतलीस,” म्हणाल्या. त्यांचं अगदीच चूक नव्हतं, त्याबद्दल पुढे येईल.

फेब्रुवारी-मार्च हे दोन महिने वेगळ्याच गटाची क्रियापदं. ‘संपवणे’ हे क्रियापद घ्या. तो संपवतो: इल् फि-नी. ते संपवतात: इल् फि-नीस्. ‘विकणे’: एकजण विकतो, वां, अनेकजण विकतात, वांद्. ‘घेणे’: प्रां आणि प्रॅन्. ‘येणे’: व्यँ आणि व्यॅन्. ई-एन-टी इथेही मुकंच, पण त्याच्या आधीचं व्यंजन अनेकवचनात जागं होतं. एकवचनाचं तोंड उघडं राहतं, अनेकवचनाचं व्यंजनावर बंद होतं. हे कळल्यावर मी रोज भांडी घासताना दहा क्रियापदं उघडी-बंद करायचे. हा एवढा एक सराव केला तरी ऐकण्यातला निम्मा गोंधळ मिटतो असं माझं मत झालंय. क्रम मात्र उलटा ठेवा. आधी अनेकवचनाचा आवाज पाठ करा आणि मग त्याचं शेवटचं व्यंजन कापा. उलट दिशेनं गेलं तर कुठलं व्यंजन जोडायचं ते कळत नाही.

एक सावधगिरीही ह्याच काळात शिकले. शेवटी ई-एन-टी दिसलं की गप्प बसायचं, असा सरसकट नियम करून चालत नाही. ‘तो येतो’मधल्या व्यँचं शेपूटही ई-एन-टीच आहे, पण ते एकवचन आहे आणि तिथे नाकातला स्वर पुरा बोलायचा. फ्रेंच शाळांमधून एक जुनं गमतीचं वाक्य चालतं, ‘मठातल्या कोंबड्या अंडी उबवतात’ अशा अर्थाचं. त्यात ‘मठ’ आणि ‘उबवतात’ हे दोन शब्द शेजारी शेजारी येतात, स्पेलिंग अक्षरन् अक्षर सारखं. पहिला कू-वां, दोन टाळ्या. दुसरा कूव्, एक टाळी. नाम आहे की क्रियापद हे कळल्याशिवाय वाचताच येत नाही. ‘अध्यक्ष’ आणि ‘अध्यक्षस्थानी असतात’ यांचंही तेच: प्रे-झि-दां आणि प्रे-झीद्.

माझी आई अजून ‘नांव’ आणि ‘गांव’ लिहिते. १९६२ च्या नियमांनी न उच्चारले जाणारे अनुस्वार मराठीतून गेले, तिच्या हातातून गेले नाहीत. मी तिला हे मुक्या ई-एन-टीचं सांगितलं तर म्हणाली, “मग त्यांनीही काढून टाकावं की!” मी मॅडमना तसंच विचारलं. त्या म्हणाल्या, “काढलंस तर प्रश्न कसा विचारशील?” आणि फळ्यावर नाही, खिडकीच्या धुळीवर बोटानं लिहून दाखवलं. प्रश्नात क्रियापद आधी आणि ‘ते’ नंतर येतं. तेव्हा मागून स्वर आल्याबरोबर तो मेलेला टी उठून बसतो: पार्-लं-तील्? ते बोलतात का? गंमत म्हणजे ‘तो बोलतो का’ ह्यातही मध्ये मुद्दाम एक टी घालतात, त्यामुळे तेही पार्-लं-तील् असंच. आणि ‘घेणे’चं एकवचन डी अक्षरानं संपतं, पण प्रश्नात तो डी त असा वाजतो: प्रां-तील्. पानावरची मुकी अक्षरं अगदीच मेलेली नसतात, दाराआड उभी असतात.

एप्रिलमध्ये अडले. ‘हाक मारणे’ हे क्रियापद घ्या, फ्रेंचमध्ये ‘माझं नाव अमुक’ म्हणतानाही तेच लागतं. मी हाक मारते: आ-पॅल्. आम्ही हाक मारतो: आ-प्लों. एका रूपात मधला स्वर चांगला ताठ उभा, ल दोनदा लिहिलेला. दुसऱ्यात तो स्वर लिहिलेला आहे पण बोलताना गायब. ‘विकत घेणे’: आ-शॅत्, पण आश्-तों. का? मॅडम सांगायच्या की शेवटची टाळी बंद असेल तर स्वराला उभं राहावं लागतं, आणि पुढे नवा स्वर आला की तो बसतो. मला शब्द कळायचे, पण तोंडाला सवय होईना. मी आपली आ-पं-लों म्हणत राहिले.

ते सुटलं बसमध्ये. कोथरूड डेपोहून मी तासाला पीएमपीच्या बसनं जायचे. एप्रिलच्या तिसऱ्या शनिवारी, भर दुपारी, कंडक्टरनं एका शाळकरी मुलाला सांगितलं, “उतर लवकर,” आणि मग मागच्या आजोबांना, “सावकाश उतरा.” मी खिडकीशी बसल्या बसल्या मांडीवर टाळी दिली. उ-तर्. उत्-रा. पहिल्यात त ला अ आहे, दुसऱ्यात त चा पाय मोडलाय. लिहिताना दोन्हीकडे नुसता त. मागून आ आला आणि मधला अ बसला. आणि ‘उतरतो’ म्हटलं की पुन्हा उठला: उ-तर्-तो. समज, समजा, समजतं. पकड, पकडा, पकडतो. जन्मभर मी हे करत होते आणि मला माहीत नव्हतं! आ-पॅल् म्हणजे ‘उतर’. आ-प्लों म्हणजे ‘उतरा’. माझा स्टॉप मागे गेला, पुढच्या स्टॉपवरून चालत आले आणि पंधरा मिनिटं उशीर झाला म्हणून बोलणीही खाल्ली. पण त्या दिवशीनंतर आ-पं-लों तोंडात आलं नाही.

मॅडमना हे सांगितल्यावर त्या जरा वेळ ‘उतर, उतरा’ करत बसल्या. त्यांनाही हे सुचलं नव्हतं, असं त्यांनीच कबूल केलं. मग म्हणाल्या, “पण फ्रेंच लोक निदान लिहून दाखवतात. स्वर उभा राहिला की ल दोनदा, नाहीतर डोक्यावर उतरता आघात, म्हणजे उतरती तिरकी रेघ. आपण तेवढंही करत नाही.” खरं आहे. ‘पसंत करणे’चं ‘आम्ही’ रूप प्रे-फे-रों, आणि ‘मी’ रूप प्रे-फॅर्. टाळी बंद झाली की ए चा ॲ होतो आणि डोक्यावरचा आघात दिशा बदलतो. भविष्यकाळात मात्र बोलणं एक आणि लिहिणं एक होतं, म्हणून १९९० च्या शुद्धलेखन दुरुस्त्यांत तिथलाही आघात उच्चाराप्रमाणे फिरवायची मुभा दिली. आज दोन्ही चालतात. परीक्षेत मी जुनंच लिहिलं, हाताला वळण तेच.

भविष्यकाळ मे महिन्यात. ‘मी गाईन’ लिहिताना तीन तुकडे आणि बोलताना दोन: शां-त्रे. पण ‘मी बोलेन’ला तीन टाळ्या: पार्-लं-रे. इथे मधला अ का टिकला? कारण तो काढला तर र, ल आणि पुन्हा र अशी तीन व्यंजनं एकमेकांवर आपटतात. मोरीस ग्रामों नावाच्या फ्रेंच ध्वनितज्ज्ञानं ह्याला तीन व्यंजनांचा नियम असं नाव दिलं होतं. अ गेल्यानं तीन व्यंजनं एकत्र येणार असतील तर अ जात नाही. नियम सगळीकडे काटेकोर चालतो असं नाही, पण अडल्यावर हात धरायला चांगला आहे. ‘तुम्ही गाल का’ अशा आर्जवी रूपात तर शां-तं-र्ये म्हणताना अ हवाच. आणि ‘आम्हाला हवं होतं’ ह्या अतिशय उपयोगी, सभ्य रूपाला लिहिताना वाटतात त्यापेक्षा टाळ्या जास्त लागतात: वू-द्रि-यों, तीन. ‘आम्ही बोलत होतो’ मात्र दोनच, पार्-ल्यों. द आणि र आधीच चिकटलेले असले की पुढचा य त्यांच्यावर चढू शकत नाही, त्याला आधी इ चं पाऊल ठेवावं लागतं. हा भाग मी वाजवीपेक्षा जास्त वेळ केला, कारण मजा येत होती. परीक्षेला त्यातलं फारसं काही लागलं नाही.

जूनमध्ये बाबांच्या वर्षश्राद्धाला सांगलीला गेले होते. रात्री भजनी मंडळ होतं. तिथे बसून मी पुन्हा टाळ्या मोजत होते, ह्या वेळी निदान टाळ होते म्हणून कोणाला विचित्र वाटलं नाही. मोठ्या अभंगाचा हिशेब सहा, सहा, सहा, चार अक्षरांचा. बोलताना आपण ‘देव’ एका झटक्यात म्हणतो, देव्. पण अभंगात त्याची दोन अक्षरं धरतात आणि गाताना व चा अ सोडवून म्हणतात. परत आल्यावर मॅडमना विचारलं, फ्रेंच कवितेत मुक्या अ चं काय करतात? त्यांनी बारा अक्षरी ओळीचा हिशेब सांगितला. पुढे व्यंजन आलं तर मुका अ मोजायचा, पुढे स्वर आला तर तो गिळायचा, ओळीच्या अगदी शेवटी असेल तर सोडून द्यायचा. ‘ते बोलतात’चं रूप, जे बाजारात एका टाळीचं आहे, ते कवितेच्या ओळीच्या मध्ये व्यंजनाआधी आलं की दोन टाळ्यांचं होतं. म्हणजे माझा ओळ तोडायचा नियम खोटा नव्हता. तो एका जुन्या, संथ उच्चाराचा हिशेब होता आणि मी तो आजच्या तोंडाला लावत होते. डिसेंबरमधल्या त्या ठणठणीत ‘पार्लांत’ला मात्र कवितेतही माफी नाही, हे मॅडमनी लगेच सांगितलं.

जुलै ते सप्टेंबर निव्वळ ऐकणं. फ्रान्सच्या आंतरराष्ट्रीय रेडिओवर, आरएफआयवर, सोप्या फ्रेंचमधलं दहा मिनिटांचं बातमीपत्र असतं, आणि त्याची संहिताही मिळते. फुकट. मी १,१०० रुपयांचे हेडफोन घेतले, तेवढाच खर्च. माझी पद्धत अशी होती: आधी संहिता न बघता ऐकायचं आणि फक्त क्रियापदं देवनागरीत उतरवायची. मग संहितेशी ताडून बघायचं. पहिल्या आठवड्यात तीसातली नऊ-दहा धड यायची.

इथे कळलं की फ्रेंच माणूस शब्दाशब्दाला थांबत नाही. तुकडे शब्दांच्या सीमा ओलांडून पडतात. ‘त्याला आवडतं’ हे इल् आणि एम् असं ऐकू येत नाही, इ-लॅम् असं येतं. ल उडी मारून पुढच्या टाळीत जातो. ‘त्यांना आवडतं’ला इल्-झॅम्. ह्या एका झ वर एकवचन-अनेकवचन ठरतं. आणि सगळ्यात घातक जोडी: इल्-झों म्हणजे ‘त्यांच्याकडे आहे’, इल्-सों म्हणजे ‘ते आहेत’. झ आणि स, बस्स. मराठी माणसाला हा फरक ऐकायला जड जाऊ नये, आपल्याकडे दोन्ही आवाज आहेत. पण मला झ ऐकू येत होता आणि मी तो कुठल्यातरी नव्या शब्दाची सुरुवात समजत होते. शब्दकोशात तो शब्द अर्थातच सापडायचा नाही. पहिल्या परीक्षेतले बरेचसे गुण ह्या असल्या अस्तित्वात नसलेल्या शब्दांच्या मागे गेले असणार. बोलीभाषेत तर आणखी गाळगाळ. ‘मी आहे’चं श्वी होतं, आणि ‘मला माहीत नाही’च्या चार फ्रेंच शब्दांचं शे-पा.

आणि जिथे खरोखरच काही ऐकू येण्यासारखं नाही, तिथे कान ताणू नका. ‘तो काम करतो’ आणि ‘ते काम करतात’ यांत अक्षरशः शून्य फरक आहे. तिथे फ्रेंच माणूसही मागच्या-पुढच्या शब्दांवरूनच ओळखतो. मी दोन आठवडे तेच वाक्य मागे-पुढे करून काहीतरी सूक्ष्म शोधत होते.

देवनागरीच्या कुबडीबद्दल सांगायचं राहिलं. दोन ठिकाणी ती मोडली. एक म्हणजे नाकातले स्वर. अनुस्वार लिहिला की मराठी जीभ आपोआप न् किंवा म् जोडते, आणि ‘वां’चं ‘वान्’ होतं. मग ते ‘विकतो’ राहत नाही. दुसरं म्हणजे तो एक स्वर, ज्यासाठी ओठ ऊ चे करायचे आणि जीभ ई ची ठेवायची. मी यू लिहायचे, पण यू म्हणजे तो नव्हे. ‘असणे’ किंवा ‘मिळणे’ या अर्थाच्या क्रियापदाचं भूतकाळी रूप ई आणि यू अशा दोन अक्षरांनी लिहितात आणि उच्चार नुसता तेवढा एक स्वर. ‘मला मिळालं’: ज्ये-यू. मी प्रत्येक वेळी लिहिल्याप्रमाणे वाचायचे, ज्ये-अ. मॅडमनी त्यावर दोन अख्खे तास घालवले. १,२०० रुपयांचा स्वर आहे तो. शेवटी शिट्टी वाजवायच्या बेतात ओठ आणून ई म्हणायचं, ह्या युक्तीनं जमायला लागला, आणि मुलगा म्हणाला की आई मांजराला बोलावतेय.

सप्टेंबरअखेर अर्ज भरला. भारतात ही परीक्षा अलियाँस फ्राँसेजच्या केंद्रांतून होते. फी दरवर्षी बदलते, बाहेरच्या उमेदवाराला थोडी जास्त पडते. माझे दोन्ही वेळचे मिळून पाच आकडी पैसे गेले. दुसऱ्यांदा बसणाऱ्यांनी एक लक्षात ठेवा: पहिल्या वेळी मिळालेला उमेदवार क्रमांकच पुढेही चालतो आणि अर्जात तो विचारतात. माझा जुना कागद सापडेना, आणि दोन दिवस कपाटं उपसण्यात गेले. शेवटी निकालाच्या ईमेलमध्ये सापडला. नाव पासपोर्टवर आहे तसंच्या तसं लिहा. माझ्या पासपोर्टवर नवऱ्याचं नाव मध्ये आहे आणि आधारवर वडिलांचं, त्यावरून दोन ईमेल झाल्या. जन्मगावही लिहायचं असतं आणि ते शेवटी प्रमाणपत्रावर छापून येतं, तेव्हा स्पेलिंग दोनदा तपासा. बोलावणं परीक्षेच्या दहा दिवस आधी आलं. लेखी तिन्ही भाग एका दिवशी, तोंडी दुसऱ्या दिवशी.

लेखीच्या दिवशी आधी ऐकणं, सुमारे अर्धा तास. मग वाचन एक तास, लेखन एक तास. ध्वनिफीत सुरू झाली आणि पहिल्याच मिनिटात मी समासात एक झ काढून त्याला गोल केला. काय विषय होता ते सांगत नाही. घाम आला होता एवढं आठवतं, आणि बाहेर कोणीतरी टेम्पो मागे घेत होतं, त्याचं भोंग्यावरचं गाणं. दोन प्रश्न सुटले. पण ह्या वेळी न कळलेले शब्द खरोखरचे शब्द होते.

तोंडीला चिठ्ठ्यांतून दोन विषय उचलायचे, त्यातला एक घ्यायचा, तयारीला ३० मिनिटं आणि बोलायला सुमारे २०. तयारीच्या कागदावर मी मुद्दे रोमनमध्ये लिहिले आणि सहा क्रियापदं देवनागरीत, पाय मोडून. ‘ले ज्यां पार्ल्’ हे वाक्य मी गरज नसताना घातलं. ह्या वेळी कोणी मान वर केली नाही.

निकाल जानेवारी २०२४ च्या पहिल्या आठवड्यात लागला. ऐकणं १२, वाचन २१.५, लेखन १८, बोलणं १६.५. एकूण ६८. वाचन-लेखनात आधीपेक्षा कमीच, कारण त्यांच्याकडे मी बघितलंच नव्हतं. आधी उत्तीर्ण झाल्याचा दाखला मिळतो, बहुतेक कामांना तो चालतो. मूळ प्रमाणपत्र फ्रान्सहून येतं आणि त्याला काही महिने लागतात. माझं मे महिन्यात आलं आणि स्वतः जाऊन सही करून घ्यावं लागलं. मॅडमच्या २६ तासांचे १५,६०० रुपये झाले, हाही हिशेब विचारणाऱ्यांसाठी देऊन ठेवते.

प्रमाणपत्र हातात पडलं तशी केंद्राच्या पायऱ्यांवरूनच मॅडमना फोन लावला. आमचं ठरलं होतं की प्रमाणपत्राची बातमी फ्रेंचमध्येच द्यायची. मी श्वास घेतला आणि म्हणाले, “ज्ये-अ मों दिप्लोम!”

पलीकडे दोन सेकंद शांतता.

“ज्ये काय?” मॅडम म्हणाल्या.

मी पायरीवर बसले, ओठ शिट्टीचे केले, आणि पुन्हा म्हटलं.